लेबर रूमच्या बाहेर

“सिस्टर, बकरी आत घेऊ की बाहेरच बांधू?”

आमचे वॉचमन सुपडूमामा यांनी पडद्याआडून हा प्रश्न इतक्या साध्या आवाजात विचारला, की मी मान वर न करता म्हणाले, “वजन घ्या आणि बाकावर बसवा, आलेच मी.”

“वजन कोणाचं घेऊ?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी त्या वेळी लेबर रूममध्ये एका बाळंतिणीला टाके घालत होते. खरं तर ते काम प्रणिता सोनवणेचं. ड्यूटी तिची, पेशंट तिची, हातमोजेही आधी तिनंच चढवलेले. पण मी सहज डोकावायला म्हणून आत आले आणि सुई धरायचा चिमटा तिच्या हातातून माझ्या हातात कधी आला ते दोघींनाही कळलं नाही. आता ती ट्रे धरून बाजूला उभी होती. मी आत आले की ती नेहमी ट्रेच धरून उभी असायची.

वास्तविक मी त्या खोलीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्याच महिन्यात मला मोरखुंटच्या ग्रामीण रुग्णालयाची इन्चार्ज केलेलं होतं. आधीच्या मॅट्रनबाई निवृत्त होऊन मुलाकडे निघून गेल्या. नवीन कोणी सातपुड्याच्या पायथ्याशी यायला तयार होईना. मग सगळ्यांत जुनी नर्स म्हणून अधीक्षक डॉ. खैरनारांनी मला बोलावून घेतलं.

“सर, मला खुर्ची नको,” मी म्हटलं. “मला लेबर रूमच राहू द्या.”

“ही खुर्ची कुणालाच नकोय, सिस्टर,” ते म्हणाले. “म्हणून तर ती तुमच्यापर्यंत आली.”

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. पण ती खुर्ची डोळ्यांसमोर आहे, कारण मी तिच्यावर जवळजवळ बसतच नव्हते.

टाके संपवून मी बाहेर आले. पायरीशी एक तरणी बाई उभी होती, गिनकी पावरा. शेजारी तिची सासू आणि दोघींच्या मधे एक काळी बकरी. बाईचं पोट बघूनच समजलं की आत दोघं आहेत. बकरीचंही पोट तसंच होतं.

आमच्या आवारात माहेरघर होतं. डोंगरातल्या पाड्यांवर गाडी पोचत नाही, म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन तिथं राहावं, कळा सुरू झाल्या की दवाखाना समोरच, अशी ती सोय. खाटा होत्या, गाद्या होत्या, दोन वेळचं जेवण होतं. बायका तेवढ्या नव्हत्या. एखादी यायची, एक-दोन दिवस राहायची, आणि सकाळी बघावं तर खाट मोकळी. आम्ही आपसांत म्हणायचो, या लोकांना आपल्या भल्याचं कळत नाही.

“बकरी घरी ठेवून यायची ना,” मी गिनकीला म्हटलं.

“घरी कोण आहे?” ती म्हणाली. तिचा नवरा कामाला गुजरातेत गेलेला आणि सासू ही अशी सोबत आलेली. “बिबट्याला सांगून येऊ, बकरीकडे बघ म्हणून?”

ती पावरीत बोलत होती. मी नवापूरकडची मावची, आमची बोली वेगळी, पण कान लावला की समजते. तिचं बोलणं मी इथं मराठीत सांगतेय एवढंच. त्यांच्यात अहो-जाहो नसतं. कलेक्टर आला तरी त्याला तू.

“इथं जनावर ठेवता येत नाही.”

“बरं,” असं म्हणून ती वळली, आणि बकरीची दोरी धरून फाटकाकडे चालूही लागली.

सासू मात्र जागची हलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “पहिलं पोर झोळीतच गेलं. उतारावर.”

जुळ्यांची बाई. आधीचं मूल दवाखान्याच्या वाटेवर गेलेलं. तिला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही एवढं नर्स म्हणून मला पक्कं कळत होतं. इन्चार्ज म्हणून काय कळायला हवं होतं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

“मामा,” मी म्हटलं, “सायकल स्टँडच्या टोकाला बांधा.”

“कुणाला?” सुपडूमामांनी विचारलं. ते प्रत्येक गोष्ट खात्री करून घेत.

दुसऱ्या दिवशी डॉ. खैरनारांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते मूळचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. स्वभावानं शांत, आवाज मऊ, पण बाळंतपणाचं नाव काढलं की त्यांचंच ब्लडप्रेशर वाढायचं. टेबलावर मशीन ठेवून ते स्वतःच्या दंडाला पट्टा बांधत बसले होते.

“सिस्टर, सायकल स्टँडमध्ये काहीतरी ओरडतंय.”

“हो सर.”

“सायकल नाहीये ती.”

“नाही सर.”

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि पट्टा फुगवत होते. आकडा बघून त्यांनी हवा सोडून दिली.

“एका बकरीचं मी समजू शकतो,” ते म्हणाले. “पण बातमी डोंगरात जाईल.”

बातमी गेली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक बाई दोन बकऱ्या घेऊन आली. मग एक आली ती कोंबड्यांची डालगी घेऊन. मग आणखी दोघी. माहेरघराच्या खाटा भरल्या, जमिनीवर गाद्या टाकाव्या लागल्या, आणि एकही बाई सकाळी नाहीशी होईना. इतकी वर्षं आम्ही पाड्यापाड्यांवर जाऊन त्यांना सकस आहार आणि रक्तक्षय समजावून सांगत होतो. तुमच्या कोंबड्या कोण बघतं, हे एकीलाही विचारलेलं नव्हतं.

अडचणी झाल्याच. एका कोंबडीनं स्वच्छ चादरींच्या कपाटात बैठक मारली आणि तिला उठवायची कुणाची हिंमत होईना. एका कोंबड्याला ओपीडीच्या खिडकीची कड आवडली. डॉ. खैरनार एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कान तपासत होते. कानाशी हळूच बोलून त्यांनी विचारलं, “काय ऐकू आलं, बाबा?”

“कोंबडा,” गृहस्थ म्हणाले.

सरांनी दुसऱ्या कानाशी जाऊन विचारलं.

“तोच कोंबडा.”

त्या दिवशी दुपारी मला पुन्हा केबिनमध्ये बोलावणं आलं. मला वाटलं, विषय कोंबड्याचा असणार. पण सर म्हणाले, “सिस्टर, पुरुषांच्या वॉर्डात सलाईनचे सेट संपलेत. धोब्याकडून कपडे आलेले नाहीत. बाळांना ऊब द्यायचे दोन वॉर्मर, त्यातला एक बंद पडून कोपऱ्यात उभा आहे. मी तुम्हाला शोधायला तुमच्या ऑफिसात गेलो. तिथं सुपडूमामा झोपले होते. तुम्ही कुठं होतात?”

“लेबर रूममध्ये.”

“तिथं कोण होतं?”

“प्रणिता होती. पण सर, तिचा हात अजून बसलेला नाही.”

“तुम्ही बसू द्याल तर बसेल,” असं म्हणून त्यांनी दंडाला पट्टा बांधायला घेतला.

ते चेष्टा करतायत असं समजून मी हसले आणि थेट लेबर रूममध्ये गेले, कारण आत एका बाईचं दुखणं वाढलेलं मला दारातूनच ऐकू येत होतं. प्रणितानं मला बघितलं आणि ट्रे उचलला.

मग विभागाच्या उपसंचालक मॅडम येणार असल्याचा फोन आला. माहेरघर अचानक भरलं कसं, ते त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं.

“त्यांना बायका दाखवायच्या,” सर मला म्हणाले. “फक्त बायका. बाकी सगळं त्या दिवशी नदीकाठी जाईल. मी तुमच्यावर सोपवतोय, आणि मला त्या काठावरचा आवाजसुद्धा इथं ऐकू यायला नकोय.”

तो दिवस उजाडला तोच गडबडीत. सकाळी साप चावलेल्या एका माणसाला घेऊन आले. त्याला लस टोचून ड्यूटीवरचे डॉक्टर त्याच्याबरोबर अँब्युलन्समधून जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. दुसरी गाडी आमच्याकडे नव्हती. सुपडूमामांनी बकऱ्या हाकल्या, कोंबड्या डालग्यांत भरल्या आणि वरात नदीकडे निघाली. गिनकीची बकरी मात्र उठायला तयार होईना. तिचे दिवस भरले होते. तिला ओढलं की ती मान टाकून असं काही ओरडायची, की माहेरघरातल्या सगळ्या बायका दारात येऊन आमच्याकडे रागानं बघायच्या.

“एक्स-रेच्या खोलीत टाका,” मी म्हटलं.

एक्स-रेची खोली म्हणजे नुसतीच खोली. मशीन यायचं म्हणून ती आधी बांधून ठेवलेली, मशीन आलंच नाही. पाट्या मात्र वेळेवर आल्या होत्या. दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आपण गरोदर असल्यास कर्मचाऱ्यांना आधी कळवा.’ सुपडूमामांनी बकरीला उचलून त्या पाटीखालून आत नेलं. गिनकीची सासू गवताची पेंडी घेऊन मागोमाग गेली.

आणि गिनकीच्या कळा त्याच वेळी सुरू झाल्या. तिला दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला पाठवायचं ठरलेलं होतं. जुळी कुणाचं ठरलेलं ऐकत नाहीत. गाडी अर्ध्या वाटेवरून परत बोलवावी तर तिच्यात सापाचा पेशंट. मी माहेरघरातून धावत दवाखान्यात पोचेपर्यंत तिला टेबलावर घेतलेलं होतं.

दाराशी पोचता पोचता मला आतून आवाज ऐकू आला. “आता जोर नको. तोंड उघड, श्वास घे. हां, अशीच. आता कळ आली की खाली.” आवाज ठाम होता, गोड होता, आणि ओळखीचा नव्हता. आत कोण आलंय, म्हणून मी दार ढकललं. आत प्रणिताच होती. एक हात गिनकीच्या पोटावर, नजर तिच्या चेहऱ्यावर.

मी हातमोजे चढवत पुढे झाले. प्रणितानं मला बघितलं आणि तिचा हात पोटावरून उठला. ती एक पाऊल बाजूला सरकली. मग आणखी एक. मग तिनं ट्रे धरला. ट्रेमधल्या कात्र्या एकमेकींवर आपटून वाजायला लागल्या.

“का गं थांबलीस?” गिनकीनं तिला विचारलं.

तेवढ्यात पलीकडून बकरीनं हंबरडा फोडला. एक्स-रेची खोली लेबर रूमला लागूनच होती. ती भिंत खूप जाड असायला हवी होती, पण ती तशी नव्हती. सासू दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“एकच पाय बाहेर आलाय,” ती म्हणाली. “दुसरा नाही. तोंड पण नाही.”

गिनकी टेबलावर कोपरांवर उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तू जा. बकरीकडे जा.”

“अगं, मी इथली—”

“हिला येतं,” ती म्हणाली. “मघापासून करतेय ना ती. तू आलीस की तिला येत नाही.”

मग तिला कळ आली आणि तिला आमच्याशी वाद घालायला सवड राहिली नाही.

माझ्या हातांनी त्या खोलीत किती मुलं झाली असतील याची मोजदाद मी ठेवलेली नाही. जिल्ह्यातले डॉक्टर अडलेल्या बाईच्या नातेवाइकांना सांगायचे, गावित सिस्टर आहेत ना, मग घाबरू नका. आणि एक पावरा बाई मला त्याच खोलीतून बकरीकडे पाठवत होती. मला राग यायला हवा होता. पण मी ट्रेकडे बघत होते. कात्र्या अजून वाजत होत्या.

“पहिलं कसंय?” मी प्रणिताला विचारलं.

“डोकं खाली. ठोके चांगलेत.”

“दुसरं?”

“पायाळू आहे.”

“मग?”

“ओढायचं नाही.” ती थांबली. “हात लांब ठेवायचे. अंग आपोआप बाहेर येऊ द्यायचं. मान दिसली की मग डोकं हळू सोडवायचं.”

“लागलं तर भिंतीवर थाप मार,” मी म्हटलं. “मी पलीकडेच आहे.”

ट्रे मी तिच्या हातातून घेतला, आयाबाईच्या हातात दिला, आणि बाहेर आले. दार माझ्यामागे लागलं तेव्हा मला वाटलं, इथंच भिंतीला टेकून उभं राहावं. पण बकरी पुन्हा ओरडली. हातमोजे हातात तसेच होते. मी एक्स-रेच्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसले.

आमच्या घरी बकऱ्या होत्या, तेव्हा मला ते काम अगदीच नवं नव्हतं. पिल्लाचा पुढचा एक पाय आत मागे दुमडलेला आणि डोकं वळलेलं. कळ ओसरली की पिल्लाला थोडं आत सारायचं आणि पाय पुढे घ्यायचा. सांगायला सोपं. माझा हात मोठा आणि बकरी लहान. सासूनं बकरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती तिच्या कानात काहीतरी सांगत होती. माझा एक कान बकरीकडे आणि दुसरा भिंतीकडे.

बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली. डॉ. खैरनारांचा मऊ आवाज आला, “आणि ही एक्स-रे रूम, मॅडम. मशीन अजून आलेलं नाही. त्यामुळे आत बघण्यासारखं काहीच नाही. आपण सरळ माहेरघराकडे—”

बकरी ओरडली.

“मशीन सुरू झालेलं दिसतंय,” एक बाईचा आवाज म्हणाला, आणि दार उघडलं.

उपसंचालक डॉ. शुभदा कारखानीस उंच होत्या. खळीची सुती साडी, मनगटावर मोठं घड्याळ, पांढरे होत चाललेले केस आखूड कापलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बकरीकडे बघितलं, दारावरच्या पाटीकडे बघितलं.

“हिनं कर्मचाऱ्यांना कळवलं होतं का?” त्यांनी विचारलं.

“हो मॅडम,” मी म्हटलं. “सकाळपासून कळवतेय.”

सरांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या मनगटाची नाडी धरली.

“तुम्ही कोण?”

“एलिशबा गावित. इथली इन्चार्ज.”

“बकरी कोणाची?”

“गिनकी पावराची. ती शेजारी लेबर रूममध्ये आहे. जुळं आहे, दुसरं पायाळू.”

मॅडमचा चेहरा बदलला. “तिथं कोण आहे?”

“सिस्टर सोनवणे.”

“डॉक्टर?”

“सापाच्या पेशंटबरोबर गेलेत. गाडीही गेलीय.”

“आणि तुम्ही इथं?”

“हो.”

“मी गायनॅकची आहे,” त्या म्हणाल्या आणि लेबर रूमकडे वळल्या.

मी त्यांचं मनगट धरलं. विचार करून धरलं असं म्हणता येणार नाही. ज्या हातानं धरलं तो हात नुकताच बकरीत जाऊन आलेला होता. खळीच्या साडीच्या काठालाही थोडं लागलं. सर भिंतीला टेकले.

“मॅडम,” मी म्हटलं, “शेवटचं बाळंतपण कधी केलंत?”

त्या मनात वर्षं मोजायला लागल्या.

“सोनवणेनं काल केलंय,” मी म्हटलं. “आपल्यातलं कुणी आत गेलं की तिचे हात थांबतील. मी मघाशी बघून आलेय. तिनं भिंतीवर थाप मारली तर आपण दोघी धावू. तोवर नको.”

माझी नोकरी त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोरून फाटकाबाहेर जाताना मला दिसत होती. मॅडम मनगटाकडे बघत होत्या. मग त्यांनी घड्याळ काढून सरांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि माझ्या शेजारी गुडघे टेकले.

“हातमोजे,” त्या म्हणाल्या. “तुमचा हात मोठा आहे. माझा जाईल.”

त्यांचा हात खरंच लहान होता. डोळे मिटून त्यांनी आत चाचपलं.

“हे कोपर आहे की गुडघा?”

“बकरीला सगळं गुडघ्यासारखंच असतं, मॅडम. पुढचाच आहे. खूर बोटांनी झाकून धरा, आत फाटायला नको.”

“मला शिकवू नका,” त्या म्हणाल्या, आणि जरा वेळानं, “खूर कुठल्या बाजूला म्हणालात?”

भिंतीपलीकडे गिनकी ओरडली. मग थांबली. मग एका बाळाचं रडणं आलं, चिडलेलं, खणखणीत. सासूनं मान वर केली नाही, पण तिचे ओठ हलायचे थांबले. पहिलं आलं होतं. खरं काम आता पुढे होतं.

“पाय आला,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर एखाद्या शाळकरी मुलीसारखं हसू. “दोन्ही आलेत. डोकं पण आलं.”

पिल्लू बाहेर पडलं, ओलं, काळं आणि निपचित. श्वास नाही.

“द्या इकडे,” सर म्हणाले. इतका वेळ भिंतीला टेकलेला हा माणूस झटकन पुढे आला. खिशातून रुमाल काढून त्यांनी पिल्लाचं नाक पुसलं, तोंडात बोट घालून चिकटा काढला, पिल्लाला पायांकडून उलटं धरून हलकेच झुलवलं. “नाक आणि घसा,” ते म्हणाले, “हा माझा विषय आहे.” पिल्लू शिंकलं. थेट त्यांच्या चष्म्यावर.

पलीकडे शांतता होती.

पायाळू बाळ येताना शांतताच असते, हे मला माहीत होतं. तरी मी उठले. मॅडमही उठून उभ्या राहिल्या होत्या. आम्ही दोघी भिंतीकडे बघत होतो, जणू तिच्यातून दिसणार होतं. आतून प्रणिताचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीतला. “हात नको लावू, मावशी. येऊ दे. त्याचं त्याला येऊ दे.”

मॅडमनी एक पाऊल टाकलं. मीही टाकलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी थांबलो.

तेवढ्यात दुसऱ्या पिल्लासाठी कळ आलेल्या बकरीनं मागचे पाय झाडले. खूर भिंतीवर बसले. धाड. धाड.

मग पलीकडून प्रणितानं विचारलं, “काय झालं, सिस्टर? मी येऊ का तिकडे?”

“नको!” आम्ही दोघी एकदम ओरडलो. “तू तुझं कर.”

“बरं,” असं म्हणून ती पुन्हा आपल्या कामाला लागली.

मी आणि मॅडम हसायला लागलो. हसू आवरेना, आणि भीतीही आवरेना. मॅडमनी माझा दंड धरला होता आणि त्यांची बोटं रुतत होती. बकरीचं दुसरं पिल्लू आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नसताना आपोआप बाहेर आलं आणि सासूनं ते पदरात घेतलं. तरी पलीकडून आवाज नाही. सरांनी चष्मा पुसायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला.

मग एक खोकल्यासारखा आवाज आला. मग एक बारीक, लांब, कुरकुरता सूर.

सासू रडायला लागली. मॅडम भिंतीला टेकून म्हणाल्या, “दाराबाहेर उभं राहायचं मला कुणी शिकवलं नाही, गावित. मी कधीची या पदावर आहे, आणि अजून प्रत्येक दवाखान्यात गेले की मला आत घुसावंसं वाटतं. आज तुम्ही धरलं नसतं तर गेलेच असते.”

“मलाही कुणी शिकवलं नाही, मॅडम,” मी म्हटलं. “मला तर पेशंटनं हाकलून दिलं.”

त्यांनी गिनकीला बघायची इच्छा सांगितली, पण आधी हात धुतले, साडीचा काठ धुतला, आणि मग लेबर रूमच्या दारावर टकटक करून थांबल्या. विभागाच्या उपसंचालक दार वाजवून थांबलेल्या मी त्याआधी बघितलेल्या नव्हत्या.

दार प्रणितानं उघडलं. केस कपाळाला चिकटलेले, अंगावरचा एप्रन भिजलेला. तिनं मॅडमकडे जेमतेम बघितलं. तिला त्या कोण हेही ठाऊक नसावं.

“दोघी मुली,” ती मला म्हणाली. “वार पूर्ण पडली. रक्त जास्त गेलेलं नाही. धाकटी लहान आहे पण दूध ओढतेय.” माझं मन भरून आलं होतं. तिला जवळ घ्यावं म्हणून मी पुढे झाले, तर तिनं हात आडवा धरला. माझे कपडे बकरीच्या घाणीनं माखले होते.

“असं आत नका येऊ,” ती म्हणाली. “आणि सिस्टर, वॉर्मर एकच चालू आहे. एकावर दोघी मावत नाहीत, धाकटी गार पडेल. दुसरा कधीचा बंद पडून आहे. दुपटी पण संपलीत, धोब्याकडून आलीच नाहीत. मी बाळं बघू की हे बघू?”

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. सर छताकडे.

“तू बाळं बघ,” मी म्हटलं. “तोवर धाकटीला आईच्या छातीशी उघडी लाव, वरून पांघरूण घाल. बाकीचं मी आणते.”

“लवकर आणा,” प्रणिता म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी एक क्षण त्या बंद दारासमोर उभी राहिले. मग कपडे बदलले आणि वायरमनला शोधायला निघाले.